धुऱ्यावरची चिंच

अक्का, आपल्या दोघींच्या रानांमधला धुरा वाळून खडंग झालाय. गवत, घाणेरी, गाजरगवताच्या काड्या, सगळं एका काडीत पेटेल. दर साली या दिवसांत मी काडीपेटी घेऊन निघायचे आणि तुम्ही तुमच्या रानातून विळा घेऊन आडव्या यायचात. यंदा तुम्हाला जाऊन सोळा दिवस झालेत, काडीपेटी माझ्या पिशवीत आहे आणि आडवं यायला कुणी नाही. तरी मी धुरा पेटवलेला नाही. म्हणजे मी तुमचं म्हणणं मान्य केलं असं समजू नका. वारा उलटा होता, एवढंच.

चौदाव्याला आलेल्या बायका मला विचारत होत्या, 'तुमची कोन लागायची?' मी म्हणाले, मोठी जाऊ. त्यांनी मान हलवली आणि पुढची पोळी वाढली. जाऊ म्हटलं की लोकांना वाटतं, झालं, कळलं. त्यांना कुठं ठाऊक, की आपलं सगळं नातं एका चार हात रुंद पट्ट्यावर झालं.

वाटणीच्या दिवशी दोघा भावांनी दोरी धरून रानाचे दोन तुकडे केले आणि मध्ये धुरा सोडला, दोघांचा म्हणून. पुढं ते दोघंही एकामागून एक गेले आणि धुरा आपल्या गळ्यात पडला. मी मुखेडला शाळेत शिकवायचे, सुट्टीच्या दिवशी एसटीनं रानात यायचे. तुम्ही रोजच रानात. मी सुट्टीत जेवढं साफ करते तेवढं तुम्ही बाकीच्या दिवसांत पुन्हा वाढवता, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ते अजूनही फारसं बदललेलं नाही.

जाळण्यावरून आपण किती वर्षं भांडलो असू? धुरा जाळला की साप जातात, हे माझं म्हणणं. 'साप जात न्हाईत गं माय, त्येंचं खानं जातंय. मग ते घराकडं येतेत,' हे तुमचं. मी म्हणायचे, विज्ञानाच्या पुस्तकात असं काही नाही. तुम्ही म्हणायचात, 'पुस्तक लिहिनाऱ्याच्या घरात साप निघाला नसंल.' मी काडीपेटी परत पिशवीत टाकायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा आणायचे.

तणनाशकाचं प्रकरण मात्र माझ्या अंगावर आलं. तुम्ही चार दिवस माहेरी गेला होतात. मी गडी लावून, पंप घेऊन, धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारून घेतला. तुम्ही आलात तोवर सगळं पिवळं पडलं होतं. तुम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलात, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि एवढंच म्हणालात, 'तरोटा होता इथं.' तरोटा, कुर्डू, पाथरी या तुमच्या पावसाळ्यातल्या भाज्या. माझ्या लेखी ते तण होतं. पुढं पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग एका सकाळी पदराची झोळी करून दारात आलात आणि म्हणालात, 'माझी भाजी मारलीस, आता तूच दे.' त्या पावसाळ्यात मुखेडच्या बाजारातून मी तुमच्यासाठी दर आठवड्याला भाजी आणली. तुम्ही दर वेळी ती निवडताना नावं ठेवलीत. 'पाण्यावर फुगीवलीय गं ही. हिला वासच न्हाई.'

धुऱ्यावर उगवलेल्या प्रत्येक झुडपाची तुम्ही चौकशी करायचात: हे कशाच्या कामाचं? उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचात आणि ते कायम झुडपाच्या बाजूनं असायचं. बाभळीच्या फांद्या कुपाटीला, म्हणजे आपल्या काट्यांच्या कुंपणाला. पळसाची पानं पत्रावळीला. सीताफळ पाखरांना, उरलं तर माणसांना. घाणेरीपाशी तुम्ही अडलात. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणालात, 'ती कशाला येत न्हाई. असू दे एक.' असू दे एक! अशा एकेकीनं अर्धा धुरा भरला होता.

पण तुम्हाला काम येत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. बाभूळ सवळावी ती तुम्ही. साडीचा काचा मारून, कोयता घेऊन, कुठली फांदी जाणार आणि कुठली राहणार हे खालूनच ठरवून. मी पहिल्यांदा फांदी तोडली तेव्हा वरून सरळ घाव घातला. फांदी अर्धवट तुटून लोंबली आणि खोडाची साल बुडापर्यंत सोलत आली. तुम्ही कोयता माझ्या हातातून काढून घेतलात. 'आधी खालून एक घाव, मग वरून. न्हाई तर फांदी जाताना झाडाची कातडी घेऊन जाती.' तीस वर्षं शाळेत मी काय शिकवलं ते नीट सांगता येणार नाही. पण हा खालचा घाव माझ्या हातात बसला आहे आणि तो तुमचा आहे. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तुम्ही ते महिनाभर गावाला सांगत फिरला असतात.

आता चिंचेचं बोलते. इतका वेळ टाळत होते.

ती कुणी लावली नाही. धुऱ्याच्या मधोमध आपोआप उगवली. गुडघ्याएवढी होती तेव्हा मी एका हातानं उपटून टाकली असती, पण तुम्ही म्हणालात, 'चिंच हाय. घरात चिंच लागती का न्हाई?' तुमचं माहेर देगलूरच्या पलीकडचं, अर्धं घर तेलुगू बोलणारं. तुमच्या आमटीची सुरुवातच चिंचेनं व्हायची. मी सोडून दिलं. ती वाढली आणि मग मला कळलं की माझं रान उत्तरेला आहे. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं. झाड दोघींचं, सावली एकटीची. माझ्या हरभऱ्याची सहा तासं, म्हणजे सहा ओळी, दर वर्षी फिकट, बारकी राहायची. तुमचा हरभरा पलीकडं हिरवागार डोलायचा आणि तुम्ही म्हणायचात, 'तुझं बी चांगलं नसंल.'

एका येळवशीला माझा तोल गेला. वेळ अमावस्येचा दिवस, सगळा गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी झाली, पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील पोटभर झाली. मी हात धुतले, कुऱ्हाड उचलली आणि सरळ चिंचेकडं निघाले. नाटक करायला नव्हे, तोडायला. पाहुणे बघायला लागले. तुम्ही उष्ट्या हातानं पळत आलात आणि माझ्या पुढं उभं राहून म्हणालात, 'थांब, शैला. अशी न्हाई तोडायची. न फळनाऱ्या झाडाला आधी भ्या दाखवायचं असतंय. आत्याबाई दाखवायच्या.'

आत्याबाई म्हणजे आपल्या सासूबाई. त्या असं करायच्या हे मीही ऐकलं होतं. एकीनं कुऱ्हाड उगारून झाडाला म्हणायचं, फळत न्हाईस, तोडते तुला. दुसरीनं आडवं येऊन म्हणायचं, नको माय, यंदा राहू दे, पुढल्या साली फळल ती. मग उलट्या कुऱ्हाडीचे दोन ठोके खोडाला मारायचे आणि घरी यायचं. झाड घाबरतं आणि फळतं म्हणे.

'मी आडवी येते,' तुम्ही म्हणालात. 'कुऱ्हाडवाली तू हो. तुला शिकवावं लागायचं न्हाई.'

सगळे हसले. माझा राग खरा होता आणि तुम्ही पाहुण्यांसमोर त्याचं नाटक करून टाकलंत. मी तेव्हा हसले नाही. उलट्या कुऱ्हाडीचे दोन ठोके असे मारले की माझे हात झणझणले. मग तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि करार केलात. सात येळवशी. तोवर चिंचेचा एक जरी आकडा लागला तर झाड कायमचं राहणार, मी पुन्हा बोलायचं नाही. एकही लागला नाही तर झाड पाडायचं, तुम्ही बोलायचं नाही. मी हो म्हणाले. शिक्षिका होते, मुदत घालून दिलेली गोष्ट मला पटायची.

त्यानंतर दर येळवशीला आपला तो खेळ व्हायचा. तुमची विनवणी दर वर्षी लांबत गेली. एका वर्षी तुम्ही खोडाला मिठी मारून खरंच रडलात आणि नंतर म्हणालात, भज्जीतली मिरची डोळ्यात गेली होती. एका वर्षी झाडाला तेलुगूत विनवलंत, 'मराठी समजत नसंल तिला' म्हणून. आणि खरं सांगायचं तर मीही कुऱ्हाड उगारताना मनातून मजेत असायचे. हरभऱ्याची सहा तासं मी मनातून कधीच सोडून दिली होती. हेही तुम्हाला सांगितलं नाही.

यंदाची सातवी. येळवशीच्या चार दिवस आधी मी कोपेची जागा साफ करायला रानात गेले होते. तुमचे गुडघे धरले होते, तुम्ही या हिवाळ्यात फारशा आला नव्हतात. मी सहज वर पाहिलं. माझ्याच बाजूला, शेंड्याकडच्या फांदीला आकडे लोंबत होते. गाभुळलेले. मी मोजले. नऊ होते.

मी काय केलं ते सरळ लिहिते. कोपेसाठी आणलेल्या बांबूला विळा बांधला आणि नऊच्या नऊ आकडे खाली पाडले. एक गवतात हरवला, तो शोधून काढला. पदरात बांधले, एसटीत बसले आणि घरी आले. कुणी पाहिलं नाही. एसटीत मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? झाडाचा राग म्हणून मी हे केलं नाही. मला एकदा जिंकायचं होतं. सापांवर तुम्ही जिंकलात, भाजीवर तुम्ही जिंकलात, माझ्या रागावरसुद्धा तुम्हीच जिंकलात. एकदा, एकच वेळ, तुमचं तोंड बंद झालेलं मला बघायचं होतं.

आणि बघितलं. येळवशीला तुम्ही ऑटोनं आलात. काठी टेकत झाडाभोवती एक फेरा घातलात, कपाळाला हात लावून वर पाहिलंत. फांदी न् फांदी पाहिलीत. मग पदर खोचून म्हणालात, 'चल, उगार.' मी उगारली. तुम्ही विनवणी केलीत, या वेळी अगदी थोडक्यात. ठोके झाले. तुम्ही माझ्याकडं वळलात. 'शब्द म्हंजे शब्द. माझ्या संतोषला सांगते, उन्हाळ्यात पाडून टाक म्हनून. तुझा हरभरा तरी होऊ दे.' तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्ही हरल्या होतात आणि नीट हरल्या होतात. मला ते जमलं नसतं.

चार दिवस बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. मी ठरवलं, संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाईन तेव्हा सांगेन. गेले, तर घरात पाहुणे. मग तुम्हाला ताप आला, तो उतरेना, मग छातीत पाणी झालं आणि तुम्हाला उदगीरच्या दवाखान्यात नेलं. सांगायचं राहून गेलं असं म्हणणं सोपं आहे. राहून काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

काल सकाळी संतोषचा फोन आला. 'काकू, रानात या. झाड पाडून घेतो, मग हैदराबादला जातो.' तुमचा मुलगा तुमच्यावरच गेला आहे, दिलेलं काम उरकल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. मी पोचले तोवर लाकूडवाला मशीनची करवत घेऊन आला होता. चिंचेच्या मोठ्या फांदीला दोर बांधला होता. झाडावर एकही आकडा नव्हता. असणार कुठून?

'मायचा शब्द हाय,' संतोष म्हणाला. 'जाताना दोनदा म्हणली, शैलाची सावली काढून टाक.'

मला वाटलं होतं, तुम्ही असं काही म्हणाला असाल तर चिडून म्हणाला असाल. तो म्हणाला, नाही, चांगलं आठवणीनं सांगितलं. माझ्या हरभऱ्याची काळजी तुम्ही शेवटपर्यंत केलीत, अक्का. ज्या हरभऱ्याला तुम्ही नावं ठेवायचात, त्याची.

लाकूडवाल्यानं मशीन सुरू केलं. मी ओरडले, थांबवा. त्यानं ऐकलं नाही, आवाज फार होता. मी जाऊन खोडापुढं उभी राहिले, तेव्हा त्यानं बंद केलं.

'फळलं होतं,' मी म्हणाले.

संतोषनं वर पाहिलं. 'कुठं?'

'नऊ आकडे होते. येळवशीच्या चार दिवस आधी. मी पाडले.'

तो धुऱ्यावर खाली बसला. 'का?' त्यानं विचारलं. मी म्हणाले, मला जिंकायचं होतं. साठी उलटलेल्या बाईनं हे म्हणणं कसं दिसलं असेल ते मला माहीत आहे. लाकूडवाल्यानं आमच्या दोघांकडं पाहिलं, दोर सोडला आणि त्याची गुंडाळी करता करता म्हणाला, 'फळतं झाड असंल तर मला न्हाई जमायचं, बाई. आधी सांगायचं हुतं.'

आधी सांगायचं होतं. तो गेला आणि संतोषनंही तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. 'मग मायला का न्हाई सांगितलं? दवाखान्यात पाच दिवस तुम्हीच तिच्या उशाला होतात.'

तो उठला, कपडे झटकले, म्हणाला, 'झाड राहू द्या मग,' आणि गाडी काढली. माझ्याकडं जेवायचं ठरलं होतं, मी वांग्याची भाजी करून ठेवली होती. तो जेवायला आला नाही. जाताना पाया पडला नाही. लहानपणापासून पहिल्यांदाच. तुम्ही असतात तर त्याला रागावला असतात, आणि मग मला.

झाड उभं आहे. करार पाळायचा तर आता ते कायमचं. धुऱ्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घाणेरी मी काढणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते. बाभळी सवळून घेईन, खालून घाव घालून. तरोट्याच्या जागेला पंप लागणार नाही. संतोषला मी दोन दिवसांनी फोन करेन. तो उचलेल की नाही, माहीत नाही.

पण त्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. आकडे पाडले एवढंच त्याला माहीत आहे. पुढं त्यांचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही.

मी ते टाकले नव्हते. टाकवले नाहीत. डब्यात ठेवले होते. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता मागतील ते द्या. तुम्ही दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी आत येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'तोंडाला चवच न्हाई गं. आंबट कायतरी दे.' त्या दिवशी मी मुखेडला आले. डबा उघडला. नऊच्या नऊ आकडे कोळले, गूळ घातला, जिऱ्याची फोडणी दिली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं सार घेऊन आले.

तुम्ही दोन वाट्या प्यालात. दुसरी तुम्ही मागून घेतलीत. वाटी खाली ठेवून जीभ टाळ्याला लावून बघितलीत, जशी तुम्ही दुसऱ्याच्या घरची आमटी तपासायचात.

'कुठली गं ही चिंच?' तुम्ही म्हणालात. 'ग्वाड हाय जरा. लई चांगली हाय.'

'बाजारातली,' मी म्हणाले.

'चिंचोके ठिव. धुऱ्याला टाकू.'

ती बाजारातली नव्हती, अक्का. तुमच्या झाडाची होती. सातव्या येळवशीच्या आत फळली होती, तुमचंच खरं झालं होतं, आणि ते तुम्हाला सांगू शकेल असं माझ्याशिवाय जगात कुणी नव्हतं. मी पदरानं तुमचं तोंड पुसलं आणि वाटी धुवायला गेले.